चेपी नाही

९ फेब्रुवारी १९९९

ताईला दिसतंय! डाव्या डोळ्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख वाचली. सलाईनमधून स्टिरॉइड सुरू आहे, त्याचा गुण. आई नर्सच्या गळ्यातच पडली. नर्स गुजरातीत म्हणाली, "बस बा, हवे सारुं छे." आता बरं आहे, म्हणून. येताना रिक्षात एकटीच हसत होते. रिक्षावाला आरशातून बघत होता — बघू दे.

आजार गेलेला नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते. पुन्हा उलटेल का, कधी, डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पण नाव तरी मिळालं. इतके दिवस "अशक्तपणा आहे" ऐकून ताईचे कान किटले होते. शाळेत आख्खा वर्ग एका नजरेत गप्प करणारी बाई, आणि अशक्तपणा म्हणे.

१३ फेब्रुवारी

मी मायक्रोबायॉलॉजी शिकते त्याचा घराला पहिल्यांदा उपयोग. लायब्ररीत सापडलं — एपस्टाईन-बार नावाचा विषाणू. जवळजवळ सगळ्यांच्याच अंगात असतो. लहानपणी आला तर कळतही नाही. मोठेपणी आला तर ताप, मानेत गाठी. आणि असा ताप येऊन गेलेल्यांमध्ये ताईचा आजार जास्त दिसतो! ताई कॉलेजात असताना करजणला आत्याकडे गेली होती, तेव्हा अगदी हेच — ताप, सुपारीएवढ्या गाठी. मी खुर्चीतून उठून उभीच राहिले.

कॉलेजातले सर मात्र थंड. "इरा, दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं नाही. तो माझ्यातही असेल. मग मी आजारी का नाही?" बरोबर आहे. सिद्ध झालेलं नाही. तरी घरी येताना लूना जमिनीवरून चालत नव्हती.

१४ फेब्रुवारी

विषाणू लाळेतून जातो. त्या तापाला इंग्रजीत चुंबनाचा रोग म्हणतात. ताईला सांगितलं. "करजणला? आत्याच्या घरात? अगं, तिथे चिमणीसुद्धा विचारून आत यायची." पोट दुखेपर्यंत हसलो. आई विचारायला आली, काय झालं म्हणून. काय सांगणार!

२१ फेब्रुवारी

अनीश आणि त्याचे आईबाबा वासण्याहून चहाला आले. मे महिन्यात दुर्गाताईचं त्याच्याशी लग्न. आजाराचं ताईनं त्यांना आधीच सगळं सांगितलंय. मी गप्प बसायचं ना — उत्साहात विषाणूचं पुराण लावलं. काकूंचा, म्हणजे त्याच्या आईचा, कप हातातच राहिला. "म्हणजे चेपी? एकाचं दुसऱ्याला लागतं?" मी समजवायला लागले तोवर ते उठलेच. अनीश चिवड्यातले दाणे वेचत होता.

२३ फेब्रुवारी

काकूंचा फोन. "थोडं थांबू या." ताईनं माझ्याकडे न बघता शाळेच्या वह्या पुढे ओढल्या. ओरडली असती तर बरं.

२८ फेब्रुवारी

राहवेना. कुणाला न सांगता वासण्याला गेले.

"काकू, ताईचा आजार चेपी नाही. तिच्यापासून कुणाला होत नाही. तो विषाणू तर आपल्या सगळ्यांतच आहे. मग ताईचंच शरीर का बिघडलं, हे जगात अजून कुणाला कळलेलं नाही."

"माझ्यात पण आहे?"

"बहुतेक."

"आणि ह्यांच्यात?"

"त्यांच्यातही असणार."

काकूंनी काकांकडे असं बघितलं की मला हसू आवरेना. मग त्याही हसल्या. मी म्हटलं, ताई पुन्हा आजारी पडू शकते, ते मात्र खरं. "ते दुर्गानंच सांगितलंय मला," म्हणाल्या. खाऊन जा म्हणून खमण पुढे ठेवलं. अनीश शेजारीच पेपर वाचत बसला होता.

१ मार्च

काकूंचा फोन आला — लग्न होणार! आईनं शिरा केला. बाबांनी मला "डॉक्टरीणबाई" म्हटलं. मी घरभर नाचले. साडी कुठली नेसायची ते सुद्धा ठरलं माझं.

३ मार्च

ताईनं लग्नाला नकार कळवला. स्वतः फोन करून. "काकूंना भीती वाटली, त्यांनी विचारून घेतलं. अनीशला वाटली की नाही, मला अजून माहीत नाही. त्यानं एकदाही फोन केला नाही." मला रडू आलं. ती म्हणाली, "चल, भूक लागलीय. रावपुऱ्यात सेव-उसळ खाऊ. तिखट."