घाम वाळेपर्यंत

अणदूर,
शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप बसवराज मामा यांना,
महेश्वरीचा शरणार्थ.

इकडे आम्ही खुशाल आहोत. थंडी सरल्यापासून अव्वाची कंबर बरी आहे. फाट्यावरचं अप्पांचं हॉटेल चालू आहे, फक्त त्यांनी तिथला टीव्ही फडकं टाकून झाकून ठेवला आहे. गिऱ्हाइकांनी विचारलं की बिघडलाय म्हणतात. हुरडा संपला. ज्वारीचा दाणा पक्का होतोय, म्हणून सकाळी पाखरं हाकायला अव्वा मलाच शेतात पाठवते. म्हणते, "पळायची सवय मोडू नगंस." मामीला नमस्कार सांगा. माझा गुडघा ठीक आहे.

तुम्ही मोबाइलवर पाठवलेला माफीचा मजकूर मिळाला. तो मी पुन्हा पुन्हा वाचला. फोनवर तुम्ही म्हणालात, "दोन मिन्टाचं काम हाय गं. माफी मागितल्यानं कुणाचं काय झिजतं?" मी बोलायला तोंड उघडलं, तर "बरं बरं, दुकानात गिऱ्हाईक हाय" म्हणून तुम्ही फोन ठेवला. म्हणून हे पत्र. उद्या अव्वा माहेरी, मुरूमला येते आहे, तिच्या हातून पाठवते. पत्र मध्येच ठेवून देता येतं हे मला माहीत आहे, पण अव्वा समोर बसलेली असताना तुम्ही ते ठेवणार नाही, एवढी खात्री आहे.

आधी त्या दिवशीचं सांगते. लोकांनी मोबाइलवर पाहिलं ते नव्हे, झालं ते.

खो-खो लीगच्या उपांत्य सामन्यात आमची शेवटची तुकडी मैदानात होती आणि तिच्यातली मी एकटी उरले होते. खांबाजवळ वळताना पाय मॅटवर किंचित सरकला. समोरच्या पोरीनं सुरेख सूर मारला आणि माझ्या टाचेला हात लावला. आम्ही हरलो. तिचा सूर चांगला होता, माझं वळण चुकलं. एवढंच विचारलं असतं तर मी उभ्या उभ्या सांगितलं असतं. मी अजून गुडघ्यांवरच होते, दम छातीत मावत नव्हता. तेवढ्यात निवेदिका माइक घेऊन जवळ आली. वर मोठ्या पडद्यावर त्यांनी सामन्याआधी दाखवलेली माझ्यावरची ती फिल्म परत लावली होती. अव्वा भाकरी थापते आहे, मी खिडकीकडे तोंड करून बसले आहे, आणि मागे ते रडकं संगीत.

"महेश्वरी, गेल्या वर्षी तुम्ही ज्या अंधारातून गेलात, तो आजच्या पराभवानंतर परत येईल अशी भीती वाटते का?"

मामा, माझे कान बंद झाले. माकणीच्या धरणात बुडी मारल्यावर होतात तसे. तिचे ओठ हलताना दिसत होते. मी माइक हातात घेतला, मॅटवर ठेवला आणि निघून गेले. टाकला नाही. आपटला तर मुळीच नाही. तव्यावरची भाकरी अव्वा टोपल्यात ठेवते, तसा ठेवला. दुसऱ्या दिवशी सगळीकडे काय आलं ते तुम्ही पाहिलंच: उद्धट, माइक भिरकावला, यशानं डोकं फिरलं.

"डोकं" या शब्दावर त्यांनी जरा जास्तच जोर दिला होता.

मी बोलायला बांधील आहे, हे मला मान्य आहे. आपल्या दोन्ही घरांत बी.ए. झालेली मी पहिली. करार आला तेव्हा तुम्ही दुकानात सगळ्यांसमोर म्हणालात, "शिकलेली पोरगी हाय, वाचून सही करंल." मी वाचूनच सही केली. सामन्यानंतर मुलाखत द्यायची, हे त्यात आहे. ते चूक आहे असंही मला वाटत नाही. कॅमेरे येण्याआधी आम्ही पोरी स्टीलच्या ताटांसाठी आणि नारळासाठी खेळत होतो. कॅमेरे आले म्हणून फाट्यावर चहा पिणाऱ्या ट्रकवाल्यालाही खो-खोतली नागमोडी साखळी पळती काय असते ते कळलं. पैसे भरून बघायला आलेल्या माणसाला चार शब्द ऐकायचा हक्क आहे. पण मामा, बोलणं करारात आहे, रडणं नाही. माझा खेळ त्यांनी विकत घेतला, त्याला माझी ना नाही. माझं गेलं वर्ष मी कुणाला विकलेलं नाही.

आता एक जुनी गोष्ट. तुम्ही ती विसरला असाल असं मला वाटत नाही, पण अलीकडे तुमच्या बोलण्यात ती येत नाही.

जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात आपण हरलो, ते साल. आपल्या मैदानाचा तुमचा नियम होता, की हरलेल्या पोरींशी घाम वाळेपर्यंत कुणी बोलायचं नाही. आईनं नाही, बापानं नाही, तुम्हीसुद्धा नाही. आम्ही मधल्या पाटीवर आपापल्या चौकोनात बसायचो, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे, डावात बसतो तसंच. मानेवर मिठाचे पांढरे डाग दिसले की तुम्ही पहिल्यांदा विचारायचात, "पाणी पिलीस का?" आणि मग काय ते बोलणं. त्या दिवशी धोंडीबा पाटील पुढाऱ्यांची जीप घेऊन, हातात झेंडूचा हार घेऊन आत शिरायला निघाले. फोटो काढायचा होता. तुम्ही मैदानाच्या रेषेवर आडवे हात करून उभे राहिलात.

"पाटील, तिथंच."

"अहो मास्तर, सत्कार करायला आलोय, भांडायला न्हाय!"

"घाम वाळू द्या."

पाटील उभे. जीप उभी. ऊन भाजत होतं. दर थोड्या वेळानं पाटील हाक मारायचे, "मास्तर, वाळला का न्हाय अजून? का आता इस्त्री फिरवायला धाडू?" आणि तेवढ्यात गजराबाईच्या शेळीनं मागून येऊन हाराची दोन टोकं सफाचट केली. पाटलांच्या हातात नुसती सुतळी राहिली. आम्ही हरलेल्या पोरी चौकोनात बसल्या बसल्या अशा हसलो, की घाम पुन्हा सुटला. तरी तुम्ही रेषेवरून हलला नाहीत.

दहावी नापास कापडदुकानदाराला अख्खं मुरूम मास्तर का म्हणतं, ते मला त्या दिवशी कळलं.

मग आता तुम्ही रेषेच्या कोणत्या बाजूला उभे आहात?

हा प्रश्न मी फोनवर विचारणार होते. आणि दुसराही. तो लिहायला मला दोन कप चहा लागला आहे.

माझ्या गुडघ्याला कधीच काही झालं नव्हतं. तुम्हाला ते माहीत आहे. गेल्या वर्षी शिबिरातून मी परत आले, तेव्हा मला झोप लागत नव्हती, घास गिळवत नव्हता, आणि शिट्टी ऐकली की हात थरथरायचे. सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंकडे तुम्हीच मला एसटीनं नेत होतात. बाहेर बाकावर तासन्‌तास बसायचात, शेंगदाणे घेऊन. घरी सांगायला गुडघ्याची गोष्टही तुम्हीच शोधली. खरी गोष्ट तीनच माणसांना माहीत होती. मी कुणाला सांगितली नाही. डॉक्टरीणबाई कॅमेऱ्यासमोर आलेल्या नाहीत.

मामा, फिल्ममध्ये खुर्चीवर बसून बोलणारे तुम्ही आहात. मला न विचारता का सांगितलंत?

मला ती खुर्ची दिसते. आपल्या मैदानावर चॅनेलवाल्यांनी ती मांडली, दिवे लावले, तुमच्या सदऱ्याला छोटा माइक लावला. इतकी वर्षं तुम्ही उन्हात पोरी घडवल्या आणि तुम्हाला कधी कुणी बसायला खुर्ची दिली नव्हती. त्यांनी दिली, आणि विचारलं, "मास्तर, पोरीनं काय काय सोसलं ते सांगा ना." तुम्ही अभिमानानं सांगितलंत. ते अभिमानानंच होतं, हे मला तुमच्या डोळ्यांतही दिसलं. म्हणूनच राग कुठं ठेवावा ते कळत नाही. पण ते सांगायचं होतं तर मी सांगायचं होतं. आणि सगळ्यात आधी अव्वाला.

अव्वाला ते हॉटेलातल्या टीव्हीवर कळलं. सामन्याआधी फिल्म लागली. अप्पांनी तिला मुद्दाम बोलावून पहिल्या बाकावर बसवलं होतं. मागे ट्रकवाले, गावातली माणसं, शेजारची दगडाबाई. दगडाबाई तिथंच म्हणाली, "प्रेमा, आता लपून काय राह्यलं? पोरीला स्थळ बघताना जड जाईल बग." अव्वा उठली. कप विसळत बसली, म्हणून अप्पा सांगतात.

मी घरी आले त्या संध्याकाळी ती चुलीपुढं होती. मागं वळली नाही. म्हणाली, "मग दोन महिने मी काय चोळत हुते गं?"

रोज रात्री, मामा. तिळाचं तेल कोमट करून, हळद घालून. धडधाकट गुडघा. मी पाय लांब करून बसायचे आणि ती चोळायची, आणि ती गप्पा मारायची म्हणून मला झोप लागायची. तिनं भाकरी उतरवली, हात पुसले, तेलाची वाटी घेतली.

"आण डोकं इकडं."

मग मी तिला सगळं सांगितलं. पहिल्यांदा. घाम वाळून वर्ष झालं होतं, तरी.

आता तुमच्या मजकुराकडे येते. त्यात लिहिलं आहे, "मी मानसिक आजारातून जात असल्याने माझ्याकडून असे वर्तन घडले, त्याबद्दल मी सर्वांची माफी मागते." हे संघाच्या व्यवस्थापकांनी लिहून दिलं असणार. तुमचं मराठी असं नाही.

हे खोटं आहे, मामा. मी आजारी होते म्हणून निघून गेले नाही. मी बरी झाले आहे म्हणून निघून जाऊ शकले. गेल्या वर्षी तो माइक समोर आला असता, तर मी तिथंच उभी राहून हवं ते बोलले असते, हवं तेवढं रडले असते आणि मग महिनाभर जेवले नसते. डॉक्टरीणबाईंनी मला हेच शिकवलं आहे, की कान बंद व्हायला लागले, तर आधी जागा सोडायची, शहाणपण नंतर. मी शिकलेलं वापरलं. त्यासाठी माफी मागितली, तर उद्या आपल्या मैदानावरची एखादी पोर थरथरत असेल आणि तिला वाटेल, उभं राहणं म्हणजेच हिंमत. मी तिला असं शिकवणार नाही.

व्यवस्थापकांचा मलाही फोन आला होता. रविवारी आपल्या मैदानावर सत्कार, चॅनेलवाले येणार, तिथंच मी माफी वाचून दाखवायची, मग पुढच्या हंगामात नाव राहील. नाही वाचली, तर राहणार नाही. मला खेळायचं आहे. हे मी अगदी साध्या शब्दांत लिहिते, कारण तुम्हाला वाटत असेल की पोरगी रागाच्या भरात सगळं फेकून द्यायला निघाली आहे. पहाटे पाखरं हाकताना ज्वारीच्या दोन ओळींत मी वळणं घेऊन बघते. ते चुकलेलं वळण आता चुकत नाही. नाव गेलं तर मला फार लागेल. तरी मी ते वाचणार नाही.

रविवारी मी येणार आहे. लपून बसणार नाही. पोरींबरोबर एक डाव खेळेन, मातीवर. डाव संपला की जिंकू किंवा हरू, मी मधल्या पाटीवर माझ्या चौकोनात बसेन. घाम वाळला की माझ्या पायांनी कॅमेऱ्याजवळ जाईन. खेळाचं काय विचारायचं ते विचारा, दिवे मालवेपर्यंत सांगेन. गेल्या वर्षाचं सांगायचं की नाही, कधी, कुणाला, किती, हे माझं. व्यवस्थापकांना मी हेच कळवलं आहे, आणि हेही, की पुढच्या करारात हे लिहून द्या. तेवढा वेळ आणि तेवढी मर्यादा सगळ्या पोरींना. ते हसले. म्हणाले, "मॅडम, तुम्ही बी.ए. का एल.एल.बी.?" मी म्हटलं, अजून बी.ए., पण वय गेलेलं नाही.

ते ऐकतील का, माहीत नाही. त्यांच्याकडून मला तशी आशाही नाही. मला फक्त एवढंच बघायचं आहे, की मी चौकोनात बसलेली असताना ते माइक घेऊन आत यायला लागले, तर रेषेवर कोण उभं असेल. तुम्ही असाल, तर खुर्चीबद्दल मी पुन्हा एक शब्द बोलणार नाही. नसाल, तरी मी घाम वाळेपर्यंत बसेनच. ते तुम्हीच शिकवलं आहे, आता परत घेता येणार नाही.

हे सगळं अव्वाला वाचून दाखवलं. शेळीच्या जागी ती हसली, खुर्चीच्या जागी तिनं पदर डोळ्यांना लावला. मी विचारलं, मामाला तुझ्याकडून काय लिहू? वाटीतल्या तेलात बोट फिरवत ती म्हणाली,

"अण्णाला लिही, तू रेषेवर हुबा ऱ्हा. न्हाय राह्यलास तर ह्या बारीला शेळी मी घेऊन येते."

तुमच्याच मैदानावरची,
महेश्वरी