आईच्या फोटोचं पाणी

अण्णा, प्रिंटर घेतला. घरच्या घरी आईच्या फोटोची प्रत काढायची. तुम्ही असता तर म्हणाला असता, "स्टुडिओवाल्याच्या लेकीनं छपाईचं डबडं विकत आणलं व्हय?" आणलं. काय करू? तुमच्या स्टुडिओच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे, आणि इथं बजाजनगरात माझ्या भिंतीवर आईचा एकुलता एक फोटो पिवळा पडत चाललाय. गालावरचा डाग आता डोळ्याला टेकलाय. डोळे गेले तर मी बघायचं कुणाकडं? उठले आणि क्रांती चौकात गेले.

दुकानदारानं तीन मशीनं दाखवली. लेझर ऑफिसच्या कागदांना बरं, पण त्यात चेहरा सपाट येतो, झेरॉक्ससारखा. इंकजेट शाई फवारतं. फोटो सगळ्यात देखणा, कागदही मोठा चालतो, पण रोजच्या वापरात नसलं तर आपल्या उन्हाळ्यात शाई आतच वाळते, आणि ते साफ करण्यातच निम्मी शाई जाते. तिसरं डाय-सब. त्यात शाई नसतेच. रंगाची रिबीन तापते, रंग कागदात उतरतो, वरून पारदर्शक थर बसतो. कितीही दिवस बंद ठेवा, काही बिघडत नाही. फक्त फोटो पोस्टकार्डाएवढाच. मी सवयीनं विचारलं, "अन् धुवायला पाणी?" तो हसला. "आपा, इसको पानी कायकू लगता?" मला काही हसू आलं नाही. तिसरं बांधा म्हटलं.

दुष्काळाचा तो उन्हाळा तुम्हाला आठवतो का हो? हौदावर घागरींची रांग, आणि तुम्ही आमच्या पिण्याच्या पाण्यात लोकांच्या लग्नाचे फोटो धुताय. "कागदात औषध राहिलं की फोटो आतून पिवळा पडतो. लोकांनी भरवशानं दिलेत." आई कावते, "लेकरू तहानलंय अन् तुमचे नवरानवरी अंघोळ करायलेत!" एक दिवस तुम्ही तिला दारात उभं केलं. रोलात एकच फोटो उरला होता, म्हणून. हाताला पीठ तसंच, पदर कसाबसा डोक्यावर. तो फोटो धुवायला तुम्ही शेवटची बादली राखून ठेवली. मी घामोळ्यांनी लालभडक, भोकाड पसरून बसलेली. आईनं बादली उचलली.

"माझं थोबाड धुऊन काय दिवे लावायचेत? पोरीच्या अंगावर ओतते."

"अगं, टिकायचा नाय तो फोटो."

"मी हाय की इथं. फोटो कशाला टिकायला पायजे?"

आणि ते पाणी माझ्या डोक्यावर आलं. काय गार होतं, अण्णा! तुम्ही तो फोटो लग्नाच्या फोटोंच्या उष्ट्या पाण्यात बुचकळला आणि दोरीवर टांगला. दोन पावसाळे झाले अन् आई गेली. तुम्ही तो फोटो उन्हातून सावलीत, या भिंतीवरून त्या भिंतीवर हलवत राहिलात, माझ्यापाशी एक अक्षर बोलला नाहीत. राग येतो मला त्याचा. बोलायचं होतंत एकदा तरी. लोकांच्या नवऱ्या अजून त्यांच्या भिंतीवर गोऱ्यापान असतील.

भिंतीवरच्या फोटोचा मोबाईलवर फोटो घेतला. त्यात डाग काढायची सोय आहे. एक बोट लावलं आणि आई लख्ख झाली, कॅलेंडरवरच्या बाईसारखी. मला ती ओळखूच येईना. डाग परत आणला. आता डोळ्यापाशी आहे तिथंच थांबेल, पुढं सरकणार नाही, एवढं पुरे. मग प्रिंटरला सांगितलं. हे मशीन एकेक रंग चढवतं, कागद आत ओढतं, बाहेर काढतं. पहिल्या फेरीत आई बाहेर आली ती नुसती पिवळी. "अगं बाई!" म्हणून मी ओरडलेच. मग लाल चढला, मग निळा, आणि हळूहळू पदर दिसला, पिठाचा हात दिसला, डोळे दिसले.

हे पत्र टाकायला तुमचा पत्ता कुठाय? प्रिंटरच्या खोक्यात ठेवते.

एकच सांगायचं राहिलं. फोटो कोरडा होता, गरम होता, तरी मी तो धुवायला मोरीत घेऊन गेले. नळाला पाणी येऊन आठवडा होत आला होता, बादलीत तळाशी थोडं उरलेलं. तांब्या भरला, फोटोवर धरला, आणि मग कपड्यांसकट माझ्याच डोक्यावर ओतला.