वाघ आला की पळायचं नाही

बाई, तुमच्याशी बोलायचं फारसं काही राहिलेलं नाही. सतरा वर्षं आपण एका बालवाडीत काढली आणि तुम्ही कुणाच्या मनात काही साचू देणाऱ्यांतल्या नव्हतात. एक गोष्ट मात्र मी तुम्हाला मुद्दाम सांगितली नाही. परवा पाड्यावर जाऊन आल्यापासून ती मला स्वस्थ बसू देत नाहीये.

मुलुंडच्या आपल्या बालवाडीचा जरा बोलबाला झाला होता, तेव्हा तुमच्या मनात आलं की डोंगरउतारावरच्या वारल्यांच्या पाड्यावरही एक सुरू करावी. "आपण तिथे बालवाडी चालवायची," असं मी म्हटलं, तर तुम्ही लगेच मला टोकलंत, "त्यांच्याबरोबर चालवायची." म्हणून पाड्यावरच्याच एका बाईंना सेविका नेमलं. सगळे त्यांना ताई म्हणायचे. त्यांच्या सारवलेल्या पडवीत पंधरा-सोळा मुलं बसायची. आठवड्यातून दोनदा मी भांडुपहून निघायची, रिक्षावाला 'पुढे नाही जाणार' म्हणेल तिथे उतरायची आणि चढ चढून वर पोचेपर्यंत माझा जीव मेटाकुटीला आलेला असायचा. मी सव्वीस वर्षांची होते, डिप्लोमा ताजा होता, आणि मला वाटायचं की ताई मला मदत करतात.

तुमचा तो खेळ आठवतो ना? पुठ्ठ्याचा पिवळा मुखवटा तुम्ही स्वतः रंगवलेला. एक मूल वाघ होणार, बाकीच्यांनी गोलात फिरायचं, 'वाघ आला, पळा पळा' म्हटलं की धूम ठोकून सतरंजीवर यायचं. मुलुंडला त्या खेळाने हॉल दणाणून जायचा. तोच मुखवटा घेऊन मी पडवीत उभी आहे, टाळ्या वाजवत ओरडते आहे, आणि एकही पोर पळत नाहीये. ती उभी राहतात. मोठी मुलं धाकट्यांचे दंड धरतात, वाघाकडे तोंड ठेवून एकेक पाऊल मागे सरकतात. एका चिमुरडीने तर हात जोडले. मला वाटलं, यांना खेळ कळला नाही. म्हणून मी स्वतः पळून दाखवलं, साडी खोचून, दोन-तीनदा.

ताई पडवीच्या खांबाला टेकून बघत होत्या. म्हणाल्या, "बाई, वाघाला पाठ नाय दाखवायची. पळलं का तो मागं येतो. हे नका शिकवू."

मी म्हटलं, "अहो ताई, खेळ आहे हा."

"चार वर्षांच्या पोराला काय खेळ नि काय खरं?"

पाड्याच्या वेशीवर वाघोबाचा दगड आहे, शेंदूर लावलेला. संध्याकाळी बिबट्या खाली येतो, त्यालाही तिथे वाघच म्हणतात. हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. मी हट्टाला पेटले. दोन आठवडे प्रत्येक खेपेला तेच, आणि मुलं शेवटी पळायला लागली. मुलं शिकवलेलं शिकतातच. मला किती आनंद झाला होता! तिसऱ्या आठवड्यात गेले तर मुखवटा गायब. ताईंनी तो घरात ठेवून दिला होता आणि मागितल्यावरही दिला नाही. त्या दिवशी मी नोंदवहीत लिहिलं, 'सेविका खेळात सहकार्य करत नाहीत. अंधश्रद्धा फार.' त्यांनी दिलेलं कारण लिहिलं नाही.

तुम्ही ती नोंद बालवाडीच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलीत, मुलांच्या खिचडीला फोडणी घालता घालता. "नक्की ना गं?" असं विचारलंत. मी हो म्हटलं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, यात तुमची चूक नाही. जूनपासून ताईंच्या जागी मुलुंडची एक शिकलेली मुलगी गेली, पडवीऐवजी पत्र्याची खोली घेतली, आणि दिवाळीपर्यंत मुलं पाच उरली. मग ती बालवाडी बंद झाली. 'पाड्यावरचे लोक मुलं पाठवत नाहीत,' असं तुम्ही पुढे कायम म्हणत राहिलात, आणि मी ऐकत राहिले. तुमच्या शेवटच्या आजारपणात मी रोज उशाशी बसायची, तेव्हाही तुम्ही हे एकदा म्हणालात. तेव्हा सांगता आलं असतं. मला धीर झाला नाही, खरं म्हणजे मला तुमच्या नजरेतून उतरायचं नव्हतं.

आता आपल्या खेळांची पुस्तिका पुन्हा छापायची आहे आणि ते काम माझ्याकडे आलं आहे. तिसऱ्याच पानावर वाघ. मागच्या महिन्यात वनखात्याची माणसं मी आता शिकवते त्या शाळेत मुलांना सांगून गेली होती, बिबट्या दिसला तर पळू नका, पाठ फिरवू नका, लहानांना जवळ घ्या, हळूहळू मागे या. ताईंच्या पडवीतली पोरं हेच करत होती. मी शेवटच्या रांगेत बसून ऐकलं आणि मान खाली घातली.

परवा ते पान घेऊन वर गेले. ताई आता थकल्या आहेत, पण मला ओळखलं. "तुम्ही त्या पळणाऱ्या बाई," म्हणाल्या. मी गेल्यावर पोरं माझी नक्कल करून हसायची म्हणे. मी माफी मागितली. नोंदवहीत काय लिहिलं होतं तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला वाटलं, माझं शिक्षण नाय म्हणून काढलं." इतकी वर्षं त्यांना तसं वाटत होतं. मग खेळ कसा लिहायचा ते त्यांनी सांगितलं, मी लिहून घेतला. पुस्तिकेत तो त्यांच्या नावावर जाईल.

निघताना त्यांनी विचारलं, "मोठ्या बाईंना कळलं होतं का हे?"

मी म्हटलं, "हो, जायच्या आधी सांगितलं होतं मी त्यांना. त्यांना फार वाईट वाटलं, तुमची चौकशी करत होत्या."

ताईंचा चेहरा इतका निवळला की ते शब्द परत घ्यायचं मला जमलं नाही. तुमच्या तोंडी ते मी घातले, बाई, आणि कळल्यावर तुम्ही खरंच तसं म्हणाला असतात का, हे मला माहीत नाही.