घोड्याचा दात, खिळ्यासकट

माझ्या जूनमधल्या मृत्युपत्रात एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. त्यात मी ‘जराहेम्ला नगरात मिळालेला घोड्याचा दात’ असे लिहिले होते. तो मजकूर रद्द समजावा. दात ग्वाटेमालातल्या एका मक्याच्या शेतात मिळाला. आमच्या धर्मग्रंथातले प्राचीन नगर जराहेम्ला तिथेच होते, हे कोणालाही ठाऊक नाही. बाबांना ते दर हिवाळ्यात तिकडच्या खोदकामावर सापडते आणि उन्हाळ्यात हरवते.

मी, मार्लिस ऑल्रेड, वय सव्वीस, राहणार एफ्राईम, युटा, हे कोणाच्याही दबावाशिवाय लिहिते. मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. भीती वाटते, पण बुद्धी शाबूत आहे.

एक. आईकडून आलेला घराचा अर्धा हिस्सा बाबांना, थेन ऑल्रेड यांना. स्वयंपाकघरातले टेबल मात्र विकू नये. माझी शाळा तिथेच भरायची, आई शिकवायची. आई म्हणायची, “पाहिलंस ते लिही. वाटलं ते वेगळ्या ओळीत.” ती गेल्यापासून त्या टेबलाशी मी एकटीच जेवते.

दोन. दात बाबांना, खिळ्यासकट. दोन्ही मातीच्या एकाच ढिगातून, माझ्या चाळणीत आले. ग्रंथात घोडे आहेत; जाणकार म्हणतात, त्या काळी तिकडे घोडेच नव्हते, ते फार नंतर स्पॅनिश लोकांनी आणले. म्हणून दात दिसताच बाबा गुडघे टेकून रडले. मी खिळा पुढे केला.

“बाबा, हा नालेचा खिळा आहे. स्पॅनिश असेल.”

“अगं वेडे, घोडा म्हटला की नाल आलीच!”

खोदकामावरचे सगळे हसले. बाबांना ते मनापासून पटले होते. त्या दिवशी जेवायला माझ्या बाकावर कोणी बसले नाही.

तीन. चाळणी ब्रदर डॉरेल यांना; आमच्या सभेत सगळे एकमेकांना ब्रदर, सिस्टर म्हणतात. खोदकामावर ते मला म्हणाले होते, “सिस्टर, तुम्ही चाळा, अर्थ आम्ही लावतो.” आता त्यांनी चाळावे.

चार. तळघरातल्या पीचच्या बरण्या हव्या त्याने न्याव्यात. साक्षीदाराला काही देऊ नये असे मी वाचले आहे, म्हणून ला रू आत्याचे नाव घातले नाही.

“मग मी आत्ताच नेते की, तू जिवंत आहेस तोवर!” असे म्हणून तिने दोन नेल्या.

पाच. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही उपाशीपोटी सभेत उठून आपल्या श्रद्धेची साक्ष देतो. ‘मला वाटतं’ कोणी म्हणत नाही. ‘मला ठाऊक आहे’ म्हणतात. या रविवारी बाबा दात दाखवणार, आणि तो जराहेम्लाचाच आहे हे मला ठाऊक आहे, असे मी उठून सांगायचे, हे त्यांनी ठरवले आहे. मी तसे म्हणणार नाही, हे आत्याला सांगितले.

“पोरी, तो हट्टी आहे. मंगळवारी उशाशी कोण बसेल?”

“तू बसशील ना?”

“मी बसेन गं. पण डोळे उघडल्यावर तू त्यालाच शोधशील.”

हे खरे आहे.

सही: मार्लिस ऑल्रेड
साक्षीदार: ला रू ऑल्रेड, वेंडेल ब्रॉडबेंट, शेजारी
एफ्राईम, युटा. गुरुवार, २७ फेब्रुवारी २०१४

सहीखालची ओळही माझीच समजावी. रविवारी, २ मार्च २०१४ रोजी, मी सभेत उठेन, खिळा दाखवेन आणि ‘मला ठाऊक नाही’ एवढे म्हणून खाली बसेन.