एक घर चिकटवायचं राहिलंय

१ ऑगस्ट, मंगळवार
सकाळपासून ट्रॉफ्याच कोरतेय. बायॉलॉजीत पहिला, फिजिक्समध्ये पहिला, हजेरीत पहिला. लातुरात दुसरा कुणी येतच नाही वाटतं. लेझरवर ॲक्रिलिक जळतं त्या वासाने डोकं उठलं.

दुपारी क्लासवाले सर स्वतः दुकानात आले. एरवी माणूस पाठवतात. नव्या इमारतीच्या हॉलमध्ये लाकडी नकाशा लावायचाय. शोकेसमध्ये मी लातूरचा केलाय तसा, थरांचा: खाली पाणी, वर जमीन, जमिनीत कापलेले रस्ते, सगळ्यात वर घरं. लातूरचाच ना, म्हटलं. तर म्हणाले, "न्हाई. आमच्या गावचा. जुन्या." मग शोकेसकडे बघत, "भूकंपाच्या आधीचा."

तीस सप्टेंबरच्या आत हवा. हो म्हणून बसले! जुन्या गावात आता बाभळी आहेत.

३ ऑगस्ट, गुरु.
उपग्रहाच्या चित्रात नुसती ढिगाऱ्यांची टेकाडं. भूमी अभिलेखमधून गावठाणाच्या नकाशाची झेरॉक्स मिळाली. जु.गा. (जुनं गाव, सारखं कोण लिहिणार) आता त्या एका कागदावरच उरलंय. घरांच्या हद्दी आहेत, पण नाव नाही, दार नाही. लोकांच्या पायाखालचं काहीच नाही.

सर तेव्हा दहावीला, इथे लातुरात होस्टेलला होते. म्हणून वाचले. त्यांना आठवतं ते आपलं घर आणि शाळेचं ग्राउंड. "आमचं घर जरा मोठं घ्या," असंही म्हणाले. मी ऐकलं नाही असं केलं. म्हणाले तात्यांना पाठवतो, ते गावचे पोस्टमन होते.

८ ऑगस्ट, मंगळवार
तात्या आले. नव्या गावाहून एस.टी.ने. पंच्याहत्तरी उलटलेली, खाकी शर्ट अजून अंगात. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय. नकाशा नाकाशी धरला आणि परत दिला. "दिसून न्हाई राहिलं, माय. तू इचार."

म्हटलं, लोहाराचं घर कुठे होतं?

मान हलवली. मला वाटलं विसरले. तर म्हणाले, "असं मधूनच न्हाई सांगता येत. पोस्टापासून निघावं लागतंय."

आणि निघाले की. खुर्चीत बसल्या बसल्या. डोळे मिटून, उजवा खांदा जरा खाली, जणू पिशवी आहेच. पोस्ट, किराणा, मारुती उजव्या हाताला, मग सोनाराची दोन घरं, मग बोळ... लोहार यायला पंधरा मिनिटं लागली. मी विचारलं, आणि कुंभार? तर पुन्हा पोस्टापासून! आधी वैताग आला. मग वहीत लिहून घेत गेले आणि वैताग कुठे गेला कळलंच नाही. एक घर मागे-पुढे होईना.

मंगळवारीच येणार म्हणाले. मंगळवारी टपाल कमी असायचं, ती सवय.

१५ ऑगस्ट, मंगळवार
क्लास बंद, रस्ता रिकामा. गच्चीवर गेलो. तात्या चालत होते, मी मागून गुडघ्यांवर खडूने रेघा मारत. अम्मी जिन्यातून बघून गेली, म्हणाली वेड लागलंय दोघांना.

एका ठिकाणी तात्या वाकले. भर गच्चीत, डोक्यावर नुसतं आभाळ. "सरुबाईचं दार बुटकं हाय. न्हाई वाकलं तर कपाळमोक्ष." गल्ली अरुंद झाली तसे अंग चोरून चालले. पुढे एका जागी थांबले, कुत्र्याला जाऊ दिलं. कुत्रंसुद्धा आठवतंय या माणसाला!

अर्ध्या गावाला वाचता येत नव्हतं, तात्याच वाचून दाखवायचे. सहज विचारलं, काय काय असायचं पत्रांत? "ते सांगायचं नसतंय, माय."

लिहिणारे गेले, ऐकणारे गेले, तीस वर्षं झाली. तरी सांगायचं नसतं. मी लोकांची नावं ॲक्रिलिकवर कोरून पोट भरते, आणि असा माणूस आजवर पाहिला नव्हता. लिहून ठेवते.

२० ऑगस्ट, रविवार. नांदेड
यासीनमामूकडे. अम्मीचा धाकटा भाऊ, सुतार, हात असा की लाकूड त्याचं ऐकतं. एम.डी.एफ. म्हटलं की तोंड वाकडं करतो. "भुसा हाय वो. भुश्यावर गाव बसवती का?" जुन्या दारांचं सागवान काढलं, रंधा मारून पातळ फळ्या केल्या. पाच थर. एकसारख्या, मापाला मशीन लाजावी. वरची बाजू तर आरशासारखी.

कुठली दारं, विचारलं. नांदेडातलीच, एका तुटलेल्या हवेलीची. मग आपणहून म्हणाला, भूकंपानंतर ट्रकच्या ट्रक लाकूड आलं होतं बाजारात, पडलेल्या घरांचं. तुळया, खांब. फुकटच्या भावात. सगळ्यांनी घेतलं. "मैं नहीं लिया. किसीके ऊपर गिरी हुई लकड़ी... रंधा कसा चालवायचा त्याच्यावर?"

त्या वर्षी त्याच्याकडे काम नव्हतं. अम्मी सांगते, दोन महिने आमच्याकडून पीठ जात होतं. लाकूड नाकारल्याचं मात्र त्याने कधी सांगितलं नाही, आजच कळलं.

येताना बसमध्ये फळ्या मांडीवर घेऊन बसले. अर्धापूरची केळी घेतलेली, ती मात्र पायाखाली चेंगरली.

२९ ऑगस्ट, मंगळवार
सत्यानाश.

रस्त्यांचा थर कापला. सुरेख उतरला, पेपर-टेप काढला तर कडेला काजळीसुद्धा नाही. तात्या आले. दिसत नाही म्हणून बोटाने बघतात. बोट पोस्टावर ठेवलं, निघाले. "किराणा... आता उजव्या हाताला मारुती..." बोट अडलं. पुन्हा पोस्टापासून. पुन्हा अडलं. मग बोट काढून घेतलं आणि इतक्या हळू म्हणाले, "माय, हे गाव माझं न्हाई."

मला वाटलं म्हातारपण. झेरॉक्स काढून ताडून पाहिलं. ट्रॉफी नेहमी मागच्या बाजूने कोरतो, म्हणून अक्षरं उलटी करून पाठवायची असतात. ते उलटं करायचं बटण काल दाबलेलं तसंच राहिलं होतं. अख्खं गाव डावं-उजवं झालं. हजार ट्रॉफ्या केल्याचं फळ. नावं या थरावर नाहीत, नाहीतर तेव्हाच दिसलं असतं.

मामूच्या हातचं सागवान, आता दुसरं कुठून आणू. तात्यांसमोरच रडले. ते पाणी आणायला गेले, माठ सापडेना त्यांना.

मामूला फोन केला. आधी शिव्या, मग पोटभर हसला. "अगं येडे, आरपार कापलंय ना? मग पलटी मार की! गाव सीधा होतंय."

पलटी मारली. सीधा झालं. एवढं साधं. फक्त आरशासारखी बाजू आता खाली गेली, वर आली ती खरखरीत, जळक्या डागांची.

३ सप्टें., रविवार. नांदेड
कापलेल्या थरावर रंधा चालत नाही, कडा उडतात. मामूने दिवसभर पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून गल्लीगल्लीतून घासलं. मध्ये नमाजला उठला तेवढाच. माझी चूक, त्याची बोटं. मी तसं म्हटलं, तर म्हणाला, चुप बैठ, चाय ला.

तात्या आणि मामू एकमेकांना भेटलेले नाहीत. पण एकाने चालून गल्ल्या सांगितल्या, दुसऱ्याने बोटाने गुळगुळीत केल्या. मी मध्ये बटण दाबणारी.

५ सप्टें., मंगळवार
तात्यांचं बोट पोस्टापासून निघालं ते वेशीपर्यंत अडलं नाही. "हां. हेच." बस्स. दिवसभर जमिनीवर पाय नाहीत माझे.

१२ सप्टें., मंगळवार
घरं कापली. काडेपेटीच्या निम्मं एकेक. दाराच्या बाजूला खाच, वर नाव. तात्या सांगतील तसं एकेक बसवत गेले. सरांच्या घराशी आलो तेव्हा म्हटलं, सर मोठं करा म्हणतायत. "पोरगं मोठं झालं. घर तेवढंच व्हतं." तेवढंच ठेवलं.

शेवटी एक घर उरलं. तेल्याचं घर आणि पिठाची गिरणी यांच्यामध्ये. नकाशात हद्द स्पष्ट आहे, माझ्या वहीत नाव नाही. तात्या, इथे कोण? ते पोस्टापासून निघाले. तेली... गिरणी. पुन्हा. तेली, गिरणी. तिसऱ्यांदा मी त्यांचं बोट धरून त्या रिकाम्या जागेवर ठेवलं.

खूप वेळ बोट तिथेच.

"त्या घराला कधी पत्र येत नव्हतं."

कुणाचं पण?

"माझंच हाय."

आई आणि बायको, कौसल्याबाई. तात्या भूकंपाच्या आदल्या दिवशी टपालाच्या कामाने लातूरला आले होते. शेवटची एस.टी. चुकली, इथेच राहिले. सकाळी गावात पोचले तर...

मी मशीन बंद केली. ते एकटे राहतात हे माहीत होतं, का ते विचारलं नव्हतं मी. पाच आठवडे त्यांना त्या गल्लीतून चालवत होते. शरम वाटली.

जाताना म्हणाले, दार गिरणीकडं.

२६ सप्टें., मंगळवार
गेल्या मंगळवारी तात्या आलेच नाहीत. गणपती बसले म्हणून असेल, अशी मनाची समजूत घातली होती. आज आले. खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं अंतर्देशीय पत्र काढलं. निळं, नवं. पत्ता लिहिलेला: सौ. कौसल्या, पेठ गल्ली, गिरणीशेजारी, मु.पो. जु.गा. (त्यांनी पूर्ण नाव लिहिलंय.) एवढं देखणं अक्षर मला मशीनवर काढता येणार नाही. ओळ जरा तिरकी गेलीय, डोळ्यामुळे.

म्हणाले, कौसल्या एकदा म्हणली व्हती, अख्ख्या गावाला पत्रं देता, मला एक लिवा की. "म्या म्हणलं, रोज सांजच्याला घरी येतो, पत्र कशाला? तर म्हणली, माझ्या नावावर शिक्का पडलेला तर बघू."

हसून सांगत होते. मला हसता आलं नाही.

घराच्या खाली ठेवता येईल का, विचारलं. येईल. खालच्या दोन थरांत तेवढा खळगा लगेच करून दिला, घडी घालून पत्र बसतं, वर घर झाकणासारखं. पत्र उलगडून पाहिलं तर आत कोरं.

तात्या, मजकूर?

"सुचून न्हाई राहिलं, माय. तवर घर चिकटवू नको," म्हणाले आणि पत्र परत खिशात ठेवलं.

३० सप्टें., शनिवार
लागला नकाशा. भाषणं झाली, दिवे लावले. सरांनी खाली क्लासचं नाव मोठ्या अक्षरांत हवं म्हणून सांगितलं होतं, परवा फोन करून नको म्हणाले. आज आपलं घर शोधलं, केवढंसं ते, अंगठ्याने झाकलं आणि बराच वेळ अंगठा काढला नाही. या माणसाची मी फार टिंगल केली. पुरे आता.

नव्या गावाहून दोन टेम्पो भरून माणसं आली होती. सगळे एकदम नकाशावर तुटून पडले, कुणाला काही सापडेना. मग तात्या पुढे झाले. बोट पोस्टावर. त्यांच्यामागे एक बाई, तिच्यामागे एक, अशी रांगच लागली. प्रत्येकाचं बोट गल्लीतून चालतंय आणि आपलं दार आलं की थांबतंय. एक म्हातारी सरुबाईच्या दाराशी वाकली. खरंच वाकली. सरुबाईची सून असणार.

मामूला यायला सांगितलं होतं. नाही आला. फोनवर म्हणाला, लाकूड गेलं ना तिथं, मग मी गेलोच.

तात्यांचं बोट तेल्यापाशी आलं, गिरणीकडे गेलं. मधे थांबलं नाही.

४ ऑक्टो., बुध.
ट्रॉफ्या. टेस्ट सिरीजमध्ये पहिला, सराव परीक्षेत पहिला. काल तात्या आले नाहीत. उलटं करायच्या बटणावर लाल टिकली लावली.

१० ऑक्टो., मंगळवार
सरांचा फोन. "ताई, काम एक नंबर झालंय. पण एक घर हलून राहिलंय. लेकरं बोट लावतात. माणूस पाठवून फेविकॉल मारून घ्या."

म्हटलं, राहू द्या सर. ते काम अजून चालू आहे. मग ते घर कुणाचं ते सांगितलं. सर म्हणाले, लेकरांना सांगतो.

हे बोलणं झालं तेव्हा तात्या दुकानातच होते. दुपारपासून माझ्या टेबलाशी, निळं पत्र उलगडून, माझं पेन हातात. मोठ्या भिंगाचा दिवा त्यांच्याकडे वळवून दिला होता. चार वाजता "सौ. कौसल्या हीस" एवढं झालं. पाच वाजताही तेवढंच. मी चहा ठेवला. ट्रॉफीची मशीन बंद ठेवली, आवाज नको म्हणून.

साडेपाचला मान वर केली. "माय, शेवटची एस.टी. कितीला हाय?"

साडेसातला, म्हटलं.

"मग हाय येळ," म्हणाले, आणि पुन्हा पत्रावर वाकले.