वत्सलाबाईंचा आवाज

५ फेब्रु., गुरु.
महोत्सवाच्या चर्चेचं आमंत्रण. 'प्रयोगशील चित्रपट आणि राजकारण'. मी आणि सुधीर. इतकी वर्षं सोबत फिल्मा करून एकमेकांशी बोलायचा कंटाळा आलाय, आता लोकांसमोर बोलायचं. गुडघा ठणकतोय. हो म्हटलं.

संध्याकाळी सावनेरहून वत्सलाबाईंचा फोन. आमच्या खदानीवरच्या फिल्ममध्ये त्यांच्या घराची भिंत आहे. भिंतीवर त्यांनीच काढलेला मोर, खदानीतल्या सुरुंगांनी तडा गेलाय तो त्याच्या मानेतून. आणि त्यावर त्यांचं बोलणं. "ताई, माहा आवाज काढून टाका. पोरगा त्याच खदानीत ठेक्यावर लागला. कोनी आयकलं तं?"

काढते म्हटलं.

७ फेब्रु.
काढला. उरली नुसती भिंत. सुधीर म्हणे संगीत घालू. नको, तशीच राहू दे म्हटलं. भांडायचं त्राण नाही, त्यालाही.

१४ फेब्रु., शनि.
आधी फिल्म, मग चर्चा. सगळे त्या मुक्या भिंतीवरच. एक प्राध्यापक म्हणाले, हे मौन म्हणजे सत्तेला दिलेलं उत्तर. टाळ्या. मग सुधीरही सुरू: मौनाची भाषा, प्रेक्षकाचा सहभाग... लाज आहे की नाही! डोकं सटकलं. माइक ओढला. "हे मौन आमचं नाही. इथे एक बाई बोलत होती. पोराच्या नोकरीपायी तिनं आवाज मागे घेतला." नाव घेतलं नाही, गावही नाही.

घरी येताना बरं वाटत होतं. खरं सांगायचं तर फारच बरं.

१६ फेब्रु., सोम.
पेपरात माझं वाक्य. शेजारी फिल्ममधला फोटो, मोरासकट.

तो मोर गावात कोण ओळखणार नाही? मूर्ख बाई मी.

१८ फेब्रु.
वत्सलाबाईंचा फोन. ठेकेदाराने त्यांच्या पोराला, गणेशला, घरी बसवलं. रडल्या नाहीत. "नोकरी गेलीच ना आता? मंग टाका माहा आवाज वापस. काहून मुकी राहू मी?"

थोड्या वेळाने गणेशचा फोन. "मॅडम, मायचं आयकू नका. ठेकेदार म्हने, पुढच्या महिन्यात पाहू. हात जोडतो तुमाले."

दोघांनाही हो म्हटलं.

२० फेब्रु., शुक्र.
पुढच्या महोत्सवाला उद्या प्रत जायचीय. आवाजाची की मुकी, कोणती पाठवू, सुधीर विचारतोय. तुझं तू ठरव म्हणाला, तूच बोललीस ना तिथे. बरोबर आहे त्याचं.

मूळ रेकॉर्डिंग लावून बसले. सुरुवातीचा तुकडा आम्ही कधी वापरलाच नव्हता. त्यात मागून गणेश म्हणतो, "माय, नको ना बोलू." आणि वत्सलाबाई:
"तू जाय गा बाहीर. मले बोलू दे."

पुन्हा ऐकलं. सुधीरचा फोन वाजतोय. उचलला नाही अजून.