दाबून धरलेली अक्षरं

प्रिय ठमे,

त्या सकाळी मी चादरी पिळून दोरीवर टाकत होते, तेवढ्यात तुझ्या बाबांनी आतून हाक मारली, "अहो टेस्टिंग इंजिनिअर, हात पुसा आणि या." स्वतः जोडलेल्या कीबोर्डशी त्यांची बरेच दिवस झटापट चालली होती. बटण एकदा दाबलं की अक्षर तीनदा उमटायचं. बटणं बदलून झाली, सोल्डरिंग पुन्हा केलं, कीबोर्डच्या पोटातला प्रोग्राम, तुम्ही ज्याला फर्मवेअर म्हणता तो, उलटापालटा करून झाला. शाळा लवकर सुटली तरी माझी वाचायची खोड सुटली नाही, म्हणून त्याचं माहितीपुस्तक मीही वाचलं होतं. दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या असं त्यात आहे, हे टुमणं मीच त्यांच्या मागे लावलं होतं.

मी खुर्चीत बसले आणि तुझं नाव लिहिलं. स्वच्छ उमटलं. पुन्हा लिहिलं, तरी तसंच. मग त्यांनी लिहिलं. त्यांची ठमी 'ठठठमममी' झाली. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. "म्हणजे कीबोर्ड ठणठणीत आहे," एवढंच म्हणाले. मी उरलेल्या चादरी वाळत घालायला गेले.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला तो नंतर. बाबांनी मात्र प्रोग्राम बदलून टाकला: बटण जरा वेळ दाबून धरलं तरच अक्षर उमटेल. हात बिघडत गेला तशी ती वेळ ते वाढवत गेले. तुला कळवायचं नाही, असं मला बजावलं होतं. "नवी नोकरी टाकून धावत येईल वेडी," म्हणायचे.

ते गेल्यापासून तुला मेल मी त्यांच्याच कीबोर्डवर लिहिते. गेल्या रविवारी फोनवर तू म्हणालीस, "आई, तुझ्या मेलमधली अक्षरं गळतात. बाबांच्या प्रोग्राममध्ये बग राहिलाय, मी दुरुस्त फाईल पाठवते." आणि मग हळूच म्हणालीस, की तू घर सोडून गेल्याचा राग त्यांनी शेवटपर्यंत धरला, म्हणून तर त्यांची पत्रं दोन ओळींवर आली. ठमे, त्या दोन ओळींना त्यांची अख्खी दुपार जायची. मी जेवायला हाक मारली तर म्हणायचे, "थांब जरा, पोरीचं चाललंय."

फोनच्या दुसऱ्या दिवशी मी तुझी फाईल चढवली, एकेक बटण तपासलं. सगळं भरभर उमटलं. तुझं काम चोख आहे. मग त्यांची जुनी फाईल परत चढवली, आणि एकेक अक्षर दाबून धरत हे पत्र लिहायला बसले.

तुझीच,
आई